छोटा ट्रॅक्टर, मेंढीखत आणि मुरूम यांसाठी एकच ट्रॉली घ्यायची असल्यास ती कशी असावी?

द्राक्षबाग_तासगाव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात असून म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून कवठेमहांकाळ तालुक्यातील वडिलोपार्जित रानातही आम्ही नवी लागण केली आहे. दोन्ही रानांमध्ये पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर आहे. घरी ४५ अश्वशक्तीचा एक जुना ट्रॅक्टर आहे आणि बागेच्या ओळींतून फिरवण्यासाठी २४ अश्वशक्तीचा अरुंद, चारही चाकांना ओढ असलेला छोटा ट्रॅक्टर घेतला आहे. फवारणी आणि रोटाव्हेटरसाठी हा छोटा ट्रॅक्टर दोन्हीकडे लागतो. तो एवढ्या लांब डांबरी रस्त्यावरून चालवत नेला, तर टायरची नक्षी झिजते, चालकाचा अर्धा दिवस जातो आणि ऐन छाटणीनंतरच्या घाईत तो वेळ परवडत नाही.

म्हणून आता ट्रॉली घ्यायची आहे. तिच्यात छोटा ट्रॅक्टर चढवून नेता यावा, खरड छाटणीच्या (द्राक्षाच्या एप्रिलमधल्या छाटणीच्या) आधी आटपाडी आणि माण भागातून मेंढीखत आणता यावे, आणि रानातल्या वाटेसाठी मुरूम किंवा तलावातला गाळही ओढता यावा, अशी अपेक्षा आहे. दोनचाकी डंपिंग (जॅकने कलती करून माल ओतणारी) ट्रॉली घ्यावी की चारचाकी साधी, साटा (माल भरायचा वरचा भाग) किती लांबीचा असावा, पत्रा किती जाडीचा लागेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती. वर्कशॉपमध्ये विचारले की प्रत्येक जण स्वतःकडे तयार असलेलीच ट्रॉली चांगली असल्याचे सांगतो.

कृष्णाकाठ

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळी ओझी आहेत आणि त्यांचे वजन आधी कागदावर मांडल्याशिवाय ट्रॉलीचा विचार करू नये, असे माझे मत आहे. आपल्याकडे सगळा हिशोब ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि वीस इंच उंच फाळक्यांची (कडेच्या पत्र्यांची) ट्रॉली काठोकाठ भरली की बरोबर एक ब्रास होतो. ट्रॉली तीच असली, तरी आतला माल बदलला की वजनात दुपटी-तिपटीचा फरक पडतो. सुटा मुरूम साधारण साडेचार टन भरतो. ओली वाळू पाच टनांच्या पुढे जाते आणि ओला गाळही तिच्याच आसपास असतो. शेणखत मात्र ओलाव्यानुसार दीड ते दोन टनच भरते, तर वाळलेले मेंढीखत त्याहूनही हलके असते. आपला छोटा ट्रॅक्टर टनाच्या आतबाहेर असेल आणि रोटाव्हेटर जोडलेला असल्यास आणखी दोनशे किलो धरावेत.

म्हणजे खतासाठी ट्रॉलीत जागा हवी, मुरमासाठी ताकद हवी आणि छोट्या ट्रॅक्टरसाठी लांबी हवी. वर्कशॉपवाले फक्त 'एक ब्रासची ट्रॉली' म्हणतात, पण तो ब्रास कशाचा, हे आपण विचारायला हवे.

फॅब्रिकेशन_कुपवाड

मी ट्रॉल्या बांधण्याच्या कामात आहे, म्हणून बांधणीबद्दल लिहितो. वर 'कृष्णाकाठ' यांनी दिलेला हिशोब योग्य आहे. सहा फूट बाय दहा फूट तळाला ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर त्याचे वजन सुमारे १३० किलो होते, ४ मिलिमीटरचा घेतला तर १७५ किलो होते. ४५ किलोंच्या या फरकासाठी तळाला पातळ पत्रा घेऊ नये. खरा प्रश्न पत्र्याच्या जाडीपेक्षा त्याच्या खालच्या आडव्या पट्ट्यांचा आहे. मुरूम सगळ्या तळावर सारखा पसरतो, पण ट्रॅक्टरचे वजन चार ठिकाणी एकवटलेले असते. हे आडवे चॅनल (लोखंडी पट्ट्या) दोन-दोन फुटांवर टाकले असतील, तर छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांखाली पत्रा काही महिन्यांत खोलगट होतो आणि त्या खोलगट भागात पाणी साचून गंज धरतो. चॅनल बारा ते पंधरा इंचांवर घ्यावेत, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

टायरच्या बाबतीत जुने ट्रकचे टायर रिमोल्ड करून (नवी नक्षी चढवून) बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. टायरच्या कडेला लोड इंडेक्सचा आकडा कोरलेला असतो, तो वाचावा. १२२ हा आकडा असेल तर एका टायरची क्षमता १५०० किलो असते आणि १४१ असेल तर २५७५ किलो. दोनचाकी ट्रॉलीचे स्वतःचे वजन सव्वा ते दीड टन आणि त्यात साडेचार टन मुरूम, म्हणजे एकूण सहा टन झाले. त्यातला काही भार हुकावर ट्रॅक्टरकडे जातो हे खरे, तरीही पाच टनांच्या आसपास भार दोन टायरांवर राहतो. त्यामुळे लहान १६ इंची टायरांवर मुरमाचा ब्रास ओढणे म्हणजे ते फुटण्याची वाट पाहणे होय.

द्राक्षबाग_तासगाव

दोघांचेही आभार. मग दोनचाकी की चारचाकी, हा प्रश्न उरतो. चारचाकीत टायर चार असल्याने भार आपोआप वाटला जाईल, असे वाटते.

कारखाना_वाहतूक_कराड

ऊस वाहतुकीत आम्ही चारचाकी ट्रॉल्याच वापरतो आणि एका ट्रॅक्टरमागे दोन जोडतो, कारण उसाला उंची आणि लांबी लागते आणि कारखान्याच्या यार्डात मागे घेण्याचा प्रसंग फारसा येत नाही. चारचाकीचा सगळा भार तिच्या स्वतःच्या चाकांवर असतो, हुकावर काहीच येत नाही. पण तिचा पुढचा ॲक्सल गोल फिरणाऱ्या चकतीवर असल्याने मागे घेताना ती दोन ठिकाणी वळते. रानाच्या अरुंद वाटेवर, बांधाला लावून मागे घेणे चांगल्या चालकालाही जिकिरीचे जाते. आपल्याला छोटा ट्रॅक्टर चढवण्यासाठी आणि मुरूम ओतण्यासाठी रोज मागे घ्यावे लागणार. आपल्या कामाला दोनचाकी योग्य आहे.

दोनचाकीचा दुसरा फायदा असा, की हुकावर येणाऱ्या भारामुळे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना चिखलात पकड मिळते. मात्र हा भार मर्यादेत हवा. ट्रॉलीत माल पुढे जास्त झाला की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टीअरिंग नीट लागत नाही, आणि मागे जास्त झाला की हूक वर उचलला जाऊन मागच्या चाकांची पकड सुटते. सुट्या मालात हा तोल भरतानाच साधता येतो. छोटा ट्रॅक्टर मात्र जिथे उभा कराल तिथेच त्याचे वजन राहते. म्हणून तो नेमका कुठे उभा करायचा ते एकदा ठरवून तळावर रंगाने खूण करावी. वजनाचा मध्य ट्रॉलीच्या ॲक्सलच्या किंचित पुढे यायला हवा.

पाटणची_शेतकरीण

मी पाटण तालुक्यात डोंगरउतारावर शेती करते आणि आमच्याकडे सपाट रस्ता क्वचितच मिळतो. आतापर्यंतच्या चर्चेत सगळ्यांनी ट्रॉली किती ओढेल याचा विचार केला, पण ती थांबेल कशी याबद्दल कोणीही लिहिलेले नाही, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. माझ्या मते ट्रॉली निवडताना पहिला प्रश्न ब्रेकचा असावा आणि लांबी-रुंदी, पत्रा, किंमत हे सगळे त्यानंतर यावे.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. चढावर ट्रॅक्टर थकला तर तो थांबतो आणि आपण माल कमी करतो, म्हणजे चढ आपल्याला आधीच सूचना देतो. उतार तशी सूचना देत नाही. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते, आणि मागून सहा टन ढकलत आले की ब्रेक दाबूनही ट्रॅक्टरची चाके घसरत पुढे जातात. त्यातच वळण असेल तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते. हे पाहण्यासाठी कुंभार्ली घाटात जाण्याची गरज नाही, धरणाच्या किंवा कालव्याच्या भरावावरून खाली उतरणाऱ्या साध्या वाटेवरही हे घडते.

ट्रॅक्टरबरोबर येणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिका आपण कपाटात ठेवून देतो. ब्रेक नसलेले ओढवजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा काही पुस्तिकांत दिलेली असते. आपल्या बाबतीत ती तीन टन होईल. त्यातून ट्रॉलीचे स्वतःचे वजन वजा केले तर सुमारे दीड-पावणेदोन टन माल उरतो. म्हणजे छोटा ट्रॅक्टर आणि मेंढीखत यांसाठी ब्रेक नसलेली ट्रॉली एक वेळ चालेल, पण मुरूम आणि गाळ यांसाठी मुळीच चालणार नाही. मुरूम ओढायचाच असेल, तर ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक लावून घ्या किंवा प्रत्येक खेपेला एक तृतीयांश ब्रासच भरा. तिसरा मार्ग मला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येक चालकाला बजावून सांगावी. शेतात वळण्यासाठी ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक वेगळे ठेवलेले असतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडायलाच हवेत. भरलेली ट्रॉली मागे असताना एकाच बाजूचा ब्रेक दाबला गेला, तर सावरायला वेळ मिळत नाही. आणि उतारावर गिअर न्यूट्रल करून इंधन वाचवण्याची सवय कोणाला असेल, तर त्याच्या हाती ट्रॉली देऊ नये.

द्राक्षबाग_तासगाव

ताई, आपले म्हणणे मनापासून पटले. आमच्या कवठेमहांकाळकडच्या रानाला जाणारी वाट ओढ्यात उतरते, त्यामुळे हा प्रश्न आमच्याही दारातलाच आहे. फॅब्रिकेशनवाले दादा, दोनचाकी ट्रॉलीला ब्रेक बसवून मिळतात का आणि ते कसे असतात?

फॅब्रिकेशन_कुपवाड

मिळतात, पण आधी सांगावे लागते, कारण ब्रेक ड्रमसह ॲक्सल वेगळा येतो आणि साधा ॲक्सल बसवल्यावर नंतर बदल करणे महागात पडते. साधारण दोन प्रकार आहेत. पहिल्यात हुकाजवळची दांडी सरकती असते. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे ढकलली जाते, दांडी मागे सरकते आणि तिच्या जोडणीने ट्रॉलीचे ब्रेक लागतात. यात ट्रॅक्टरवर काहीही बसवावे लागत नाही. मात्र मागे घेतानाही दांडी दबते आणि ब्रेक लागतो, म्हणून ती अडकवण्यासाठी खिटी दिलेली असते, आणि मागे घेऊन झाल्यावर ती खिटी आठवणीने काढावी लागते. दुसऱ्या प्रकारात ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर तेलाच्या दाबाने ट्रॉलीचे ब्रेक लागतात. हा प्रकार चांगला आहे, पण जुन्या ट्रॅक्टरवर त्यासाठी वेगळी जोडणी करून घ्यावी लागेल. आपला ट्रॅक्टर जुना असल्याने मी पहिला प्रकार सुचवेन.

माणदेश_४१५

मेंढीखत आमच्याच भागातून जाते, म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो. खत भरताना फाळके कमी पडतात म्हणून लोक वर पोती लावून ढीग करतात आणि वाटेत निम्मे उडते. त्यापेक्षा काढता-घालता येणारी एक फूट उंचीची जाळी बनवून घ्या. खत हलके असल्याने उंची वाढली तरी चालते, पण मुरूम भरताना जाळी घरीच ठेवा, म्हणजे जास्त भरण्याचा मोहच होणार नाही. खताची खेप झाली की ट्रॉली धुवा. खतातले क्षार पत्र्याच्या सांध्यांत बसतात आणि रंगाखालून गंज सुरू होतो. तळाच्या कोपऱ्यांत पाणी निघायला छिद्रे ठेवायला सांगा.

डंपिंगचा खर्च करावाच, असे मी म्हणेन. खत हाताने उतरवायला आता माणसे मिळत नाहीत. तारांच्या मांडवाखाली मोठी ट्रॉली शिरणार नाहीच, बांधाच्या कडेला ढीग ओतून पुढे छोट्या ट्रॅक्टरनेच ओळींत न्यावे लागेल.

शिराळा_भात

मला एक कल्पना सुचते. डंपिंग ट्रॉली घेणारच असाल, तर जॅकने साटा थोडा उचलला की मागची कड खाली येते, आणि त्याच उतारावरून छोटा ट्रॅक्टर वर चढवता येईल. वेगळ्या रॅम्पची गरज उरणार नाही.

पाटणची_शेतकरीण

कृपया असे कोणीही करू नये. उचललेला साटा एका जॅकवर आणि मागच्या बिजागरीवर टेकलेला असतो. ट्रॅक्टर कडेवर आला की त्याचे सगळे वजन बिजागरीच्या मागे येते, ट्रॉलीचा हूक वर उचलला जातो आणि सगळेच मागे कलंडू शकते. उचललेल्या साट्याखाली किंवा साट्यावर माणूस असताना फक्त तेलाच्या दाबावर विसंबणे घातक आहे. ग्रीस लावण्यासाठी खाली शिरायचे असले, तरी आधी लोखंडी टेकू लावावा.

कृष्णाकाठ

ताईंशी पूर्ण सहमत. रॅम्पचाच विचार करायचा, तर त्याची लांबी महत्त्वाची आहे. तळ जमिनीपासून साडेतीन फूट उंच असेल आणि रॅम्प आठ फुटी असेल, तर चढ सुमारे २६ अंशांचा होतो, आणि बारा फुटी असेल तर १७ अंशांचा. आठ फुटी रॅम्पवरून ट्रॅक्टर पुढे तोंड करून चढवला, तर त्याचे पुढचे टोक उचलले जाण्याचा धोका असतो. रॅम्पवर रिव्हर्समध्ये चढवावा आणि उतरवताना पुढे तोंड करून उतरवावा.

पण मला वाटते, रॅम्पपेक्षाही चांगली सोय आपल्या रानातच आहे. दोन्ही रानांत ट्रॉलीच्या तळाइतक्या उंचीचा एकेक दगडी धक्का बांधून घ्या, किंवा उंच बांध असेल तर त्याची उभी बाजू दगडांनी पिचिंग करून घ्या. ट्रॉली मागे घेऊन त्याला टेकवली की ट्रॅक्टर सपाटीवरून आत जातो. रॅम्प फक्त तिसऱ्याच्या रानात गेल्यावर लागेल. धक्क्यावरून चढवतानाही ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असावी, तिच्या चाकांखाली दगड लावलेले असावेत आणि मागच्या कडेखाली दोन्ही बाजूंना भक्कम टेकू असावेत, कारण छोट्या ट्रॅक्टरची पहिली दोन चाके आत आली की सगळा भार ॲक्सलच्या मागे असतो.

फॅब्रिकेशन_कुपवाड

धक्क्याची कल्पना मला फार आवडली. टेकूसाठी मागच्या दोन्ही कोपऱ्यांना खाली-वर होणारे पाय मी बनवून देतो. प्रवासात ते वर घेऊन खिटी मारायची.

लांबीबद्दल एक सूचना आहे. छोटा ट्रॅक्टर साधारण आठ फूट आणि मागे जोडलेला रोटाव्हेटर आणखी अडीच-तीन फूट, म्हणजे दहा फुटांत तो बसणार नाही आणि फाळका उघडा ठेवून जावे लागेल. त्याऐवजी साटा अकरा फूट लांब घ्या आणि फाळके अठरा इंचांचे ठेवा. अकरा गुणिले सहा गुणिले दीड म्हणजे ९९ घनफूट, म्हणजे ब्रासचा हिशोब तोच राहतो. फाळके दोन इंचांनी कमी झाल्याने मालाची उंचीही कमी राहते आणि कलंडण्याचा धोका कमी होतो. लांबी वाढल्याने ॲक्सलची जागा मात्र नव्याने ठरवावी लागेल. त्यासाठी छोट्या ट्रॅक्टरचे पुढच्या आणि मागच्या चाकांवरचे वेगवेगळे वजन काट्यावर करून आणलेत, तर मला अंदाजाने काम करावे लागणार नाही.

बांधणीसाठी चार कड्या लागतील. त्या पत्र्याला नव्हे, तर खालच्या चॅनलला जोडून घ्याव्यात. नायलॉनचा दोर ताणतो आणि सैल होतो, म्हणून साखळी आणि ती ताणणारा रॅचेट वापरा. रोटाव्हेटर तळावर टेकवून ठेवावा, लिफ्टवर लटकत ठेवू नये.

कारखाना_वाहतूक_कराड

कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉली हेही वाहनच आहे, त्यामुळे तिची नोंदणी करावी लागते. विम्यातही ट्रॉलीचा उल्लेख आहे, याची खात्री करून घ्या. विमा शेतीवापराचा असेल आणि आपण शेजाऱ्याचा मुरूम भाड्याने ओढत असाल, तर अपघातानंतर भरपाईचा वाद उभा राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्त भार भरल्याचा दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये असा झाला आहे. मुरूम, वाळू ही गौण खनिजे आहेत, त्यामुळे वाहतूक परवान्याशिवाय ती ओढली तर महसूल खाते ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही जप्त करू शकते. तलावातल्या गाळाचे वेगळे आहे, २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही शासनाची योजना आहे, पण तिथेही तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला आधी विचारून घ्यावे.

मागे लाल परावर्तक पट्टी आणि चालू दिवे हवेतच. उसाच्या हंगामात रात्री रस्त्यात उभ्या राहिलेल्या अंधाऱ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

माणदेश_४१५

एक राहिले. डंपिंग करताना वर विजेच्या तारा नाहीत, हे पाहूनच जॅक चालू करा. शेतातल्या तारा अनेक ठिकाणी खाली झुकलेल्या असतात आणि साटा उचलला की त्याची पुढची कड सहज तिथपर्यंत पोहोचते. जमीन एका बाजूला कललेली असेल तर साटा उचलूच नये. ओला गाळ एका कोपऱ्याला चिकटून राहतो आणि ट्रॉली आडवी होते.

द्राक्षबाग_तासगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी वडिलांशी आणि भावाशी बोलून पुढीलप्रमाणे ठरवले आहे. अकरा बाय सहा फुटांची दोनचाकी डंपिंग ट्रॉली, अठरा इंची फाळके, वर काढता येणारी जाळी, तळाला ४ मिलिमीटर पत्रा, बारा इंचांवर आडवे चॅनल, सरकत्या दांडीचे ब्रेक आणि मागे दोन टेकू. ब्रेक आणि डंपिंग यांमुळे ठरवलेल्या रकमेपेक्षा खर्च वाढतो आहे, म्हणून जॅक आणि तेलाची जोडणी पुढच्या हंगामात बसवावी, असा भावाचा विचार आहे. ब्रेक मात्र आत्ताच घेणार. जॅक नंतर बसवायचा असेल, तर आत्ता कोणती तयारी करून ठेवावी?

फॅब्रिकेशन_कुपवाड

आपला क्रम योग्य आहे. साटा आणि खालची चौकट आत्ताच वेगवेगळी बनवून मागे बिजागरी बसवून घ्या, आणि पुढे दोन जाड खिट्यांनी साटा चौकटीला पक्का करा. जॅकचा खालचा आणि वरचा खुंटा जिथे येणार, तिथे आत्ताच जादा प्लेट वेल्ड करून ठेवाव्या लागतील, कारण रंग झाल्यावर तिथे पुन्हा वेल्डिंग केले की गंज तिथूनच सुरू होतो. आपल्या जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला बाहेर तेल देणारा व्हॉल्व्ह आहे का आणि जॅक पूर्ण उघडल्यावर टाकीत पुरेसे तेल उरते का, हे मिस्त्रीकडून तपासून घ्या. जॅकचा आकार त्यावरून ठरेल आणि प्लेटची जागा जॅकच्या आकारावरून, म्हणून ही तपासणी ऑर्डर देण्याच्या आधी व्हायला हवी.